दोन यतिमांची वाली : चांदबीबी सुलताना

लोणावळ्याहून सकाळी पुण्याकडे निघणाऱ्या लोकलमध्ये आपल्यापैकी अनेकांच्या लेकी असतात. कोणी तळेगावच्या कारखान्यात कामाला जाते, कोणी चिंचवडच्या दवाखान्यात, तर कोणी शिवाजीनगरला उतरून कचेरी गाठते. गाडी मळवलीला थांबली की उजव्या हाताला लोहगड आणि विसापूर ही किल्ल्यांची जोडी दिसते. लोहगड म्हटले की आपल्याला शिवकाल आठवतो, पेशवाई आठवते. त्याआधीची शंभराहून अधिक वर्षे मात्र आपण विसरून गेलो आहोत. इ. स. १४८९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने हा किल्ला घेतला. पुढे त्याचाच एक पणतू, बुऱ्हाण नावाचा शहजादा, सख्ख्या भावाच्या हुकुमाने याच किल्ल्यात कैद होता. त्या कैद्याची बहीण म्हणजे चांदबीबी. या लेखात आपण तिची ओळख करून घेणार आहोत.

वाचकहो, चांदबीबींचे एक चित्र आपल्या मनात पक्के बसलेले असते. चेहऱ्यावर नकाब, हातात नंगी तलवार आणि तटाच्या खिंडारात उभी राहिलेली एक स्त्री. शाळेच्या पुस्तकात, नाटकात आणि जुन्या चित्रपटांत हेच चित्र आपण पाहिले आहे. ते खोटे नाही. पण ते एका दिवसाचे, किंबहुना एका दुपारचे चित्र आहे. त्या दुपारच्या मागेपुढे वीस वर्षांचे काम उभे आहे : दोन राज्यांचा कारभार, हिशेब, नेमणुका, तह, धान्याची आणि दारूगोळ्याची तजवीज. दोन्ही ठिकाणी हे काम त्यांनी एका यतीम मुलाच्या नावाने केले. तलवारीचे कौतुक आपण चारशे वर्षे करीत आलो. कामाचा हिशेब मात्र कोणी फारसा मांडत नाही. तो येथे मांडावा असे वाटते.

चांदबीबींचा जन्म १५५० च्या आसपासचा. वडील हुसेन निजामशाह पहिला, आई खुंझा हुमायूं. आईची गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण लेकीच्या आयुष्यात पुढे जे घडले त्याची पहिली आवृत्ती आईच्या आयुष्यात घडून गेली होती. १५६५ मध्ये हुसेन निजामशाह वारला आणि थोरला मुलगा मुर्तजा लहान असल्यामुळे खुंझा हुमायूं यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. काही वर्षे त्यांनी कारभार केला. त्यांनी आपल्या माहेरच्या माणसांना जहागिऱ्या दिल्या असा दरबारी सरदारांचा आरोप होता आणि तो अगदी निराधार नसावा. शेवटी मुलगा वयात आला, सरदार त्याच्याभोवती जमले आणि त्याने आईला कैदेत टाकले.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात एक सचित्र फारसी हस्तलिखित आहे, तारीफ-ए-हुसेनशाही. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशाहाच्या गौरवासाठी ते रचले. त्यातील चित्रांत बादशहाच्या शेजारी राणी बसलेली काढली होती, आणि दख्खनच्या चित्रकलेत ही मोठी दुर्मीळ गोष्ट आहे. पुढे राणीचे पद गेले, तेव्हा कोणीतरी बहुतेक चित्रांमधून तिची आकृती पुसून टाकली. बादशहा तसाच बसलेला आहे आणि त्याच्या शेजारी रंगाचा डाग आहे. चांदबीबी अशा घरात वाढल्या.

त्यांचे शिक्षण उत्तम झाले होते. अरबी, फारसी, तुर्की, मराठी आणि कन्नड या भाषा त्यांना अवगत होत्या असे सांगितले जाते. सितारवादन आणि फुलांची चित्रे काढणे या त्यांच्या आवडींचा उल्लेख चरित्रकार हौसेने करतात. मला मात्र मराठी आणि कन्नड यांचे महत्त्व अधिक वाटते. अरबी-फारसी ही राजघराण्याची शोभा होती. पण गावोगावचा महसूल, कुळकर्ण्यांचे दप्तर, देशमुख-देसायांच्या तक्रारी हे सारे देशी भाषांतून चाले. विजापुरात तर पहिल्या इब्राहीम आदिलशाहाने महसुलाचे हिशेबच फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला सुरुवात केली होती. ज्याला त्या भाषा येत नाहीत, त्याला कारकुनाच्या तोंडाकडे पाहावे लागते. चांदबीबींना तशी गरज पडली नाही.

विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची जी एकजूट झाली, ती नात्यांच्या धाग्यांनी बांधली होती. तालीकोटच्या लढाईच्या थोडे आधी चांदबीबींचा निकाह विजापूरच्या पहिल्या अली आदिलशाहाशी झाला. ज्या सोलापूरसाठी दोन्ही घराण्यांनी कितीतरी रक्त सांडले होते, ते सोलापूर लेकीबरोबर आंदण म्हणून विजापूरला गेले. त्याच वेळी अलीची बहीण अहमदनगरला मुर्तजाच्या घरी आली. विजापुरात चांदबीबी पतीबरोबर घोड्यावरून शिकारीला आणि स्वारीलाही जात असत. राज्य कसे चालते हे त्यांना पडद्याआडून ऐकावे लागले नाही.

१५८० मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला. मूलबाळ नव्हते. त्याने आपला पुतण्या इब्राहीम याला वारस नेमले होते. मूल नऊ वर्षांचे. चांदबीबी तिशीच्या आसपासच्या विधवा. मुलाचे पालनपोषण आणि शिक्षण त्यांच्याकडे आले. दरबारात नवा सुलतान तख्तावर बसे, तेव्हा कारभाराच्या कामात त्यांचा सहभाग असे. पण राज्याची प्रत्यक्ष सत्ता कारभारी म्हणून कामिल खान नावाच्या सरदाराने बळकावली आणि काही आठवड्यांतच त्याची मर्यादा सुटली. चांदबीबींचा अपमान होऊ लागला. त्यांनी किश्वर खान या दुसऱ्या सरदाराच्या मदतीने त्याला दूर केले. मग किश्वर खानही त्याच वाटेने गेला. त्याने मुस्तफा खान या मातब्बर सरदाराचा कपटाने खून करविला. चांदबीबींनी याला उघड विरोध केला, तेव्हा त्याने त्यांना अपमानास्पद रीतीने राजवाड्याबाहेर काढले आणि साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. किश्वर खानाने त्यांच्यावर बेइमानीचा आळ घेतला. आपल्या भावाशी, म्हणजे अहमदनगरच्या मुर्तजाशी, त्यांचे संधान आहे असा तो आळ होता. बाईने कारभारात प्रश्न विचारला की तिच्या माहेराकडे बोट दाखवायचे, ही युक्ती चारशे वर्षे जुनी आहे आणि ती केवळ राजवाड्यातच वापरली जाते असे नाही. पण विजापूरच्या लोकांनी हा आळ मानला नाही. शहरात किश्वर खानाविरुद्ध इतका संताप उसळला की त्याला पळ काढावा लागला. हबशी सरदार पुढे आले आणि चांदबीबी साताऱ्याहून सन्मानाने परतल्या.

आळ किती खोटा होता हे लगेच सिद्ध होण्याची वेळ आली. राज्यातील गोंधळ पाहून शेजारी चालून आले : गोवळकोंड्याचे कुतुबशाही सैन्य आणि त्यांच्याबरोबर अहमदनगरचे, म्हणजे चांदबीबींच्या माहेरचे सैन्य. विजापूरला वेढा पडला. किल्ल्यात शिबंदी थोडी, सरदारांत फूट आणि वर पावसाळा. तटाचा एक भाग कोसळला. अशा वेळी पडत्या पावसात चांदबीबी स्वतः तटावर फिरून डागडुजी करवून घेत होत्या. शत्रूच्या छावणीची रसद तोडण्यासाठी मराठा घोडेस्वारांची पथके बोलावण्यात आली. त्यांनी छावणीला इतके जेरीस आणले की वेढा उठवावा लागला. समोर सख्ख्या भावाचे निशाण होते आणि पाठीशी दिराचा यतीम मुलगा. त्या मुलाच्या बाजूने ठाम उभ्या राहिल्या.

वाचकहो, इस्लामी शरीअतमध्ये यतिमाच्या मालाचा प्रश्न किती गंभीर मानला आहे हे आपण जाणता. सूरह निसाची सुरुवातच त्या विषयाने होते. यतिमांचा माल त्यांना परत द्यावा, चांगल्याच्या जागी वाईट ठेवू नये, आपल्या मालात मिसळून खाऊ नये, ते समजूतदार होईपर्यंत त्यांची पारख करीत राहावे आणि माल सोपवताना साक्षीदार ठेवावेत, असा आदेश तेथे आहे. हे काम करणाऱ्याने पुरुषच असले पाहिजे अशी अट बहुतेक फकीहांनी घातलेली नाही. स्त्रीला वसी म्हणून नेमता येते. हजरत उमर (रजि.) यांनी वक्फ केलेल्या आपल्या जमिनीची देखरेख मुलांकडे न देता आपली मुलगी, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे सोपवली होती. कुरआनची एकत्र केलेली लिखित पाने याच हफ्सांच्या ताब्यात सुरक्षित राहिली होती. विश्वासाचे काम कोणाकडे द्यायचे ते माणसाची लायकी पाहून ठरे.

स्त्रीने राज्यप्रमुख व्हावे की नाही यावर उलेमांमध्ये मोठी चर्चा झालेली आहे. ती येथे उकरण्याचे कारण नाही, कारण चांदबीबी तख्तावर बसल्याच नाहीत. विजापुरात खुतबा इब्राहीमच्या नावाने होता आणि पुढे अहमदनगरमध्येही तो दुसऱ्या मुलाच्याच नावाने झाला. त्यांनी सांभाळली ती अमानत. अमानत सांभाळणे हेही काम आहे, कष्टाचे काम आहे, आणि त्याला ज्ञान, हिशेब व धैर्य लागते, एवढेच मला येथे नोंदवायचे आहे.

विजापूरचा धोका टळला आणि दिलावर खान हा हबशी सरदार सर्वाधिकारी झाला. त्याने राज्यकारभारातून चांदबीबींना बाजूला केले. कारभार त्याच्याकडे आणि मुलाचे संगोपन यांच्याकडे, अशी विभागणी त्याने केली. १५८४ मध्ये इब्राहीमच्या बहिणीचा निकाह मुर्तजाच्या मुलाशी ठरला, तेव्हा नवरीबरोबर चांदबीबी अहमदनगरला गेल्या. मागे राहिलेला इब्राहीम पुढे स्वतः दिलावर खानाला हटवून सत्ताधीश झाला आणि १६२७ पर्यंत त्याने विजापूरवर राज्य केले. कला, संगीत आणि सर्वधर्मीयांशी उदार वागणूक यांसाठी तो ओळखला जातो. पहिली अमानत अशी सुखरूप पोहोचली.

अहमदनगरमध्ये त्या काळात काय चालले होते ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात रक्तपाताशिवाय काही नाही. मुर्तजाचे मन बिघडले होते. १५८८ मध्ये त्याला त्याच्या मुलानेच मारले. तो मुलगाही वर्षभराच्या आत मारला गेला. मग लोहगडावर कैद भोगलेला, पुढे पळून अकबराच्या दरबारात आश्रय घेतलेला बुऱ्हाण परत आला आणि स्वतःच्या मुलाचा पराभव करून तख्तावर बसला. १५९५ मध्ये तोही वारला. त्याचा मुलगा इब्राहीम निजामशाह काही महिन्यांतच विजापूरच्या सैन्याशी लढताना पडला. त्याच्या मागे राहिला बहादूर नावाचा तान्हा मुलगा. म्हणजे चांदबीबींच्या भावाचा नातू.

मियां मंजू नावाच्या दख्खनी सरदाराने या मुलाला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात टाकले आणि अहमद नावाच्या भलत्याच मुलाला निजामशाही वंशातला म्हणून तख्तावर बसवले. हबशी सरदार याविरुद्ध उठले. घाबरलेल्या मियां मंजूने गुजरातेत असलेल्या शहजादा मुराद याला, अकबराच्या मुलाला, मदतीसाठी बोलावले. मोगल येणारच होते, त्यांना आता निमंत्रणही मिळाले. मग मियां मंजूला पश्चात्ताप झाला आणि तो किल्ला सोडून मदत मिळवण्याच्या निमित्ताने निघून गेला. पुरुषांनी सर्व काही बिघडवून झाल्यावर किल्ल्यात कर्त्या म्हणून उरल्या चांदबीबी. वय पंचेचाळीसच्या पुढे.

त्यांनी मियां मंजूच्या माणसांचा बंदोबस्त केला आणि चावंडच्या कैदेत असलेल्या बहादूरच्या नावाने द्वाही फिरवली. राजा किल्ल्यात नाही, खजिना रिता, सरदारांचे तीन-चार तट वेगवेगळ्या मुलांना राजा म्हणून मिरवताहेत, आणि डिसेंबर १५९५ मध्ये मोगल फौज शहराच्या वेशीवर. फौजेबरोबर शहजादा मुराद आणि अब्दुर्रहीम खानखानान होते. हेच ते रहीम, ज्यांचे दोहे आजही मुले पाठ करतात. किल्ल्याचा दगडी तट चांदबीबींच्या वडिलांनीच पूर्वीच्या मातीच्या तटाच्या जागी बांधविला होता. आता तो राखण्याची जबाबदारी लेकीवर आली.

वेढ्यातला किल्ला चालवणे म्हणजे काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. कोणत्या बुरुजावर किती माणसे, पाणी किती दिवस पुरेल, दाणा कोणाला किती मोजायचा, कोणता सरदार रात्री शत्रूशी बोलतो आहे, विजापूर-गोवळकोंड्याला पत्र कोणाच्या हाती द्यायचे. ज्या विजापूरला त्यांनी एके काळी वाचवले होते, तेथे आता त्यांनीच वाढवलेला इब्राहीम राज्य करीत होता. त्यांनी त्याला पत्र पाठवले. विजापूरहून सुहेल खानाची फौज निघाली, गोवळकोंड्याचीही तिला येऊन मिळणार होती. बाहेर विखुरलेल्या हबशी सरदारांशीही त्यांनी बोलणी चालवली. काही आले, काही बघत राहिले.

मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले होते. मोगल छावणीतल्याच ख्वाजा मुहम्मद खान शिराझी या माणसाने रात्री येऊन ही बातमी किल्ल्यात दिली आणि सुरुंगांच्या जागाही सांगितल्या. त्याने असे का केले हे इतिहासकार सांगतात : किल्ल्यातील माणसांच्या शौर्याची त्याला कणव आली. रातोरात आतून उलट भुयारे खणून दारू काढण्याचे काम सुरू झाले. दोन सुरुंग निकामी झाले. तिसऱ्यावर काम चालू असतानाच फेब्रुवारी १५९६ मध्ये त्या दिवशी मोगलांनी बत्ती दिली. आत खणणारी माणसे जागीच गेली आणि जवळजवळ पन्नास यार्ड लांबीचा तट कोसळला. सरदार पळू लागले. याच वेळी चांदबीबी चिलखत घालून, चेहऱ्यावर नकाब ओढून, हाती तलवार घेऊन खिंडारात आल्या. पळणारे परतले. दुपारपासून अंधार पडेपर्यंत मोगलांनी पुन्हा पुन्हा हल्ले चढवले आणि प्रत्येक वेळी त्यांना मागे हटावे लागले.

आपल्या मनातले चित्र येथे संपते. पण फौज छावणीत परतल्यावर रात्री काय झाले ते ऐका. चांदबीबी झोपल्या नाहीत. दगड, माती, लाकूड, हाताला येईल ते घालून त्यांनी रातोरात ते खिंडार भरून काढले आणि सकाळी मोगलांना समोर पुन्हा भिंत उभी दिसली. माझ्या मते त्या दिवसाचे खरे युद्ध या गवंडीकामात जिंकले गेले. गोळे संपले तेव्हा त्यांनी तोफांतून तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी डागली अशी आख्यायिका आहे. ती नंतरच्या काळातली आहे आणि ऐकायला गोड आहे. परंतु ज्या बाईला खजिन्याचा हिशेब ठाऊक होता, तिने शक्य तोवर सोने असे उधळले नसते असे मला वाटते.

मोगलांकडे धान्य कमी पडू लागले, सुहेल खानाची फौज जवळ येत होती, मुराद आणि खानखानान यांचे पटत नव्हते. किल्ल्यातही उपासमार होती. तह झाला. वऱ्हाड मोगलांना द्यायचे, बहादूरला निजामशाह म्हणून त्यांनी मान्य करायचे. सबंध वऱ्हाड प्रांत हातचा गेला, हे लहान नुकसान नव्हे. पण राज्य उरले आणि मूल चावंडहून आणून तख्तावर बसवता आले. लोकांनी या तहाचे स्वागत केले. तेव्हापासून चांदबीबी चांद सुलताना झाल्या.

आता जे घडले त्यात नवे काही नाही. विजापूरला जे झाले होते तेच. धोका टळला आणि त्यांनीच पेशवा नेमलेल्या महंमद खानाने सारी सत्ता आपल्या हाती घेतली. त्यांना पुन्हा विजापूरकडे मदत मागावी लागली. तो गेला, तर नेहंग खान हबशी आला, आणि त्याने किल्ल्यातून मुलाला आणि सुलतानाला बाजूला सारण्याचा घाट घातला. चांदबीबींनी त्याला किल्ल्याबाहेर ठेवले. १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ सुहेल खानाचा खानखानानांनी पराभव केला आणि बाहेरचा आधारही तुटला.

मावळातल्या एखाद्या घराचा विचार करा. नवरा अचानक जातो. बाई दुकान उघडते, किंवा सुट्टीच्या दिवसांत येणाऱ्या पाहुण्यांना दोन खोल्या भाड्याने देते, चादरी धुते, स्वयंपाक करते, वही लिहिते, कर्ज फेडते. परवाना दिराच्या नावावर असतो किंवा मुलाच्या. पाच-सात वर्षांत धंदा उभा राहतो आणि मग कोणीतरी म्हणते की आता बाईमाणसाने उगीच दगदग कशाला करायची. मुलीच्या पगारावर भावाचे शिक्षण होते. भावाला नोकरी लागली की मुलीने राजीनामा द्यावा असे ठरते आणि ते तिला विचारून ठरत नाही. पुरुष जे कमावतील त्यात त्यांचा वाटा आणि स्त्रिया जे कमावतील त्यात त्यांचा, हे सूरह निसाने स्पष्ट केले आहे. आपण तो वाटा संकटात स्वीकारतो. संकट सरल्यावर तिच्या कामाला आणि तिच्या मताला कोणते स्थान असावे, हा प्रश्न आपल्या घरांत बहुधा विचारलाच जात नाही. चांदबीबींना तो दोन राजधान्यांत भेटला.

१५९९ मध्ये शहजादा मुराद वारला. अकबर स्वतः दख्खनकडे निघून बुऱ्हाणपूरला आला आणि शहजादा दानियाल व खानखानान यांना त्याने अहमदनगरवर पाठवले. १६०० मध्ये किल्ल्याला दुसऱ्यांदा वेढा पडला. नेहंग खान मोगलांना अडवायला घाटापर्यंत गेला आणि न लढताच जुन्नरकडे निघून गेला. किल्ल्यात सरदार एकमेकांवर उठलेले, सैन्याचा भरवसा नाही, मदत कोठूनही येणार नाही. चांदबीबींनी हिशेब मांडला. किल्ला टिकणार नाही. मग मूल तरी वाचले पाहिजे. जीव आणि अब्रू सुरक्षित राहतील या अटीवर किल्ला सोडावा आणि बहादूरला घेऊन जुन्नरला जावे, तेथून पुढचे पाहता येईल, असा त्यांचा विचार होता.

१५९६ मध्ये त्यांनी वऱ्हाड देऊन तह केला होता आणि लोकांनी त्यांना सुलताना म्हटले होते. या वेळी त्यांनी किल्ल्यातल्या एका ख्वाजासरा सरदाराशी हा विचार बोलून दाखवला. तो बाहेर धावत गेला आणि चांदबीबी मोगलांना फितूर झाल्या अशी आरोळी त्याने गल्लोगल्ली उठवली. किश्वर खानाने वीस वर्षांपूर्वी घेतलेला तोच आळ. विजापूरच्या लोकांनी तो झिडकारला होता. अहमदनगरच्या दख्खनी शिपायांचा जमाव तो खरा मानून महालात घुसला आणि त्यांनी चांदबीबींना ठार केले.

अहमदनगरपासून काही मैलांवर शाह डोंगराच्या माथ्यावर एक तीन मजली दगडी इमारत आहे. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात, सहली तेथे जातात. ती वास्तविक मुर्तजाचा वजीर सलाबत खान याची कबर आहे. चांदबीबींच्या नावाची खरी जागा खाली किल्ल्यात आहे, ज्या किल्ल्यात १९४२ नंतर पंडित नेहरू आणि मौलाना आझाद यांना इंग्रजांनी कैदेत ठेवले होते. नेहरूंनी तेथेच लिहिलेल्या आपल्या ग्रंथात या बाईची आठवण नोंदवली आहे.

त्यांच्या हत्येनंतर किल्ल्यात हुकूम देणारे कोणी उरले नाही. मोगलांनी सुरुंग उडवले, तट पुन्हा पडला आणि या वेळी रात्री तो बांधून घेणारे कोणी नव्हते. ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला. अनेक शिपाई कापले गेले. पाच-सहा वर्षांच्या बहादूरला पकडून बुऱ्हाणपूरला अकबरापुढे नेले आणि तेथून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवून दिले.